क्लो द वूजो: नाव एकच, भिंत एकच, मग बाटलीचे भाव इतके वेगळे का?

पुण्यातल्या एका काकांचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. लेक फ्रान्समध्ये लियाँला असते, तिने येताना क्लो द वूजो ग्राँ क्रू, साल २०१७, अशी एक रेड वाइनची बाटली आणली (क्लो द वूजो हा तिकडच्या बर्गंडी भागातला भिंतीने वेढलेला द्राक्षमळा, आणि ग्राँ क्रू म्हणजे तिथल्या मळ्यांचा सगळ्यात वरचा दर्जा), तिकडच्या एका मोठ्या व्यापारी कंपनीची, साधारण दीडशे युरोला. काकांनी नंतर नेटवर बघितलं तर त्याच नावाची, त्याच सालची बाटली कुठे तीनशेला, कुठे हजाराच्या आसपास आणि एके ठिकाणी तर काही हजार युरोला. आता त्यांच्या डोक्यात आलंय की लेकीला कुणी गंडवलं का, ही डुप्लिकेट तर नाही ना, आणि खरी असेल तर ठेवायची किती वर्षं आणि प्यायची कशी.

काका, लेकीला कुणी गंडवलेलं नाही, बाटली खरी आहे असंच धरून चाला, डुप्लिकेटचं काय ते पुढे सांगतो. मी वाइन खरेदीच्या कामात आहे, शिकलो बर्गंडीतल्या बोन गावात, तोडणीच्या हंगामात तिथल्या मळ्यांत राबलोय आणि अजूनही नवीन वाइन बॅरलमधून चाखायला दरवर्षी जातो, आणि मला कुणी विचारलं ना की अख्खी बर्गंडी एका जागी उभं राहून समजून घ्यायचीय तर कुठे जाऊ, तर मी रोमाने-काँती हा जगप्रसिद्ध मळा सांगत नाही, मी क्लो द वूजो सांगतो. कारण तुम्हाला जो भावाचा घोळ दिसतोय त्याची सगळी कारणं त्या एका भिंतीच्या आत आहेत.

जागा आधी डोळ्यासमोर आणा. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे पन्नास-साठ किलोमीटर एक लांबलचक उतार जातो, त्याला कोत दॉर म्हणतात. रुंदी काहीच नाही, बऱ्याच ठिकाणी दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही. वर डोक्याला जंगल, खाली सपाट शेती, मध्ये द्राक्षं. तोंड साधारण पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन लवकर मिळतं आणि थंड प्रदेशात त्याला फार किंमत आहे. उत्तरेकडचा अर्धा भाग कोत द न्वी, आणि पिनो न्वार या द्राक्षाची जगातली सगळ्यात नावाजलेली रेड वाइन तिथली. जव्रे-शांबेर्तँ, मोरे-सँ-दनी, शांबोल-म्युसिन्यी, वूजो, व्होन-रोमाने, न्वी-सँ-जॉर्ज, ही गावं एकामागोमाग एक लागतात, गाडीने अर्ध्या तासात सगळी मागे पडतात. द्राक्षाची जात सगळीकडे तीच. तरी दोन गावांची वाइन वेगळी लागते, एवढंच काय शेजारच्या दोन तुकड्यांचीही वेगळी लागते, आणि हे नुसतं मार्केटिंग नाही हो, झाकून चाखलं तरी सराव असलेल्या माणसाला बऱ्याचदा कळतं.

कारण जमीन. जुरासिक काळात तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी चुनखडी आणि चिकणमातीमिश्रित चुन्याचे थर एकावर एक बसले, मग पुढे तिकडच्या सोन नदीचं खोरं खचलं आणि हे थर कड्याच्या बाजूने तुटले, वाकले, वरखाली झाले. म्हणून चार पावलं चाललात की खाली दुसरा थर. वरच्या भागात माती पातळ, मुरमाड, पाण्याचा निचरा पटकन. खाली येताना माती जाड होत जाते, चिकण होते, पाणी धरते. मधल्या पट्ट्यात दोन्हीचा तोल साधलेला, आणि बहुतेक सगळे ग्राँ क्रू त्या मधल्या पट्ट्यात बसलेत.

आता वूजो. सितोचा मठ १०९८ साली स्थापन झाला, सिस्टर्शियन साधूंचं मूळ ठाणं, वूजोपासून पूर्वेला सपाटीवर. सपाटीवर चांगली वाइन होत नाही म्हणून बाराव्या शतकात त्यांनी या उतारावर जमिनी मिळवायला सुरुवात केली, काही दानात आल्या, काही विकत घेतल्या, काही बदल्यात, आणि तुकडा तुकडा जोडत १३३६ पर्यंत सगळ्याभोवती दगडी भिंत पूर्ण झाली. आत सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. कोत द न्वीमधला हा सगळ्यात मोठा ग्राँ क्रू. तुलना करायची तर रोमाने-काँतीचा मळा दोन हेक्टरसुद्धा नाही, १.८१ हेक्टर आहे. भिंतीच्या आत साधूंचं वाइन बनवायचं घर, अवाढव्य लाकडी दाबयंत्रं, ती आजही बघता येतात, आणि १५५१ च्या सुमारास त्याला जोडून बांधलेला वाडा. हा वाडा आज १९३४ साली स्थापन झालेल्या शव्हालिए द्यू तास्तव्हँ या वाइनप्रेमी मंडळाकडे आहे.

साधू त्या पन्नास हेक्टरांकडे कसं बघायचे हे महत्त्वाचं आहे. असं सांगितलं जातं की वरच्या भागाची वाइन पोपसाठी, मधली बिशपांसाठी आणि खालची मठातल्या लोकांसाठी. ही गोष्ट तिथे प्रत्येक गाईड सांगतो, खरी असेल किंवा नंतर रचलेली असेल, पण त्यात एक गोष्ट पक्की आहे की वरची, मधली आणि खालची जमीन सारखी नाही हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं. सगळं एकाच मालकाच्या हातात असल्यामुळे तिन्ही भागांची द्राक्षं लागतील तशी एकत्र करता येत होती, वरच्याची नजाकत, खालच्याचं अंग.

मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि विक्रीला निघाल्या. क्लो द वूजो हातोहात फिरत उव्रार घराण्याकडे आलं, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत अजूनही अख्खं, एका मालकाचं. १८५५ साली डॉ. जूल लाव्हाल यांनी कोत दॉरच्या मळ्यांची प्रतवारी केली त्यात क्लो द वूजो सगळ्यात वरच्या वर्गात बसलं. नीट लक्षात घ्या, दर्जा मिळाला तेव्हा ती एक वाइन होती, एका घरची, वरखाली सगळ्या जमिनीची मिळून. १८८९ साली मळा विकला गेला, एकदम अनेकांनी घेतला, आणि तिथून वाटण्या सुरू झाल्या. १९३० च्या दशकात सरकारी अपेलासिओँचा कायदा, म्हणजे कुठल्या जागेची वाइन कुठल्या नावाने विकायची हे ठरवणारा कायदा, आला तेव्हा ग्राँ क्रूची हद्द कशी ठरवली, तर भिंत जिथे आहे तिथे. आतलं सगळं ग्राँ क्रू, बाहेरचं नाही.

आज त्या पन्नास हेक्टरांत ऐंशीच्या आसपास मालक आहेत.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात ना, आजोबांची वीस एकर, मग चार मुलगे, मग नातवंडं, शेवटी कुणाच्या वाट्याला विहिरीजवळची काळी जमीन आणि कुणाच्या वाट्याला ओढ्याकाठचं पाणथळ, पण गट नंबर सगळ्यांचा तोच, अगदी तसंच झालंय. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या काळापासूनचा वारसा कायदा मुलांमध्ये वाटणी करायला लावतो, म्हणून बर्गंडीत एकेका घराकडे आठ-दहा ठिकाणी विखुरलेल्या ओळी असतात. क्लो द वूजोमध्ये एखाद्याकडे पाच हेक्टरांहून जास्त, जसं की शातो द ला तूर, हे सगळ्यात मोठे मालक, आणि एखाद्याकडे फक्त काही ओळी. लेबलवर मात्र सगळ्यांच्या तेच तीन शब्द, क्लो द वूजो, आणि खाली ग्राँ क्रू.

तर भावातल्या फरकाचं पहिलं कारण, कुठली जागा. भिंतीच्या वरच्या कडेला उभे राहिलात तर बाजूला म्युसिन्यीचा मळा लागून आहे, दक्षिणेला ग्राँ-एशेझो. पायाखाली हलकी, खडेदार, चुनखडीची माती. इथली वाइन चांगल्या साली रेशमी होते, वास आधी येतो, चव नंतर उलगडते. मधल्या भागात माती जरा भरीव. आणि मग खाली चालत गेलात की उतार जवळजवळ संपतो आणि भिंतीपलीकडे दिजाँ-बोनचा मोठा रस्ता. तिथे माती जाड, चिकण, गाळाची, रस्ता मळ्यापेक्षा उंचीवर असल्याने पाणी तुंबायचा प्रश्न जुना आहे. पावसाळी सालात मुळं ओली राहतात, घड मोठे होतात, रस पातळ होतो. इतर गावांमध्ये त्या उंचीवरची जमीन बहुतेक साध्या, नुसत्या गावाच्या नावाने विकायच्या दर्जाची धरतात, ग्राँ क्रू कुणी म्हणणार नाही. इथे भिंतीमुळे झाली.

काही घरं आपली जागा लेबलवर लिहितात. भिंतीच्या आतही तुकड्यांची जुनी नावं आहेत. आन ग्रो यांच्या बाटलीवर ग्राँ मोपेर्त्वी दिसेल, ग्रो फ्रेर ए सर यांच्या बाटलीवर म्युसिनी, तो म्युसिन्यी ग्राँ क्रूला खेटून असलेला वरचा तुकडा. ही नावं दिसली तर समजायचं की मालकाला जागेचा अभिमान आहे.

पण नुसत्या जागेवर जाऊ नका, इथे बरेच लोक फसतात. झाँ ग्रिव्हो या घराचा तुकडा खालच्या भागात, रस्त्याच्या बाजूला आहे, आणि तरीही त्यांची वाइन दरवर्षी या मळ्यातल्या चांगल्या वाइनमध्ये मोजली जाते. कारण पीक कमी ठेवतात, काम बारकाईने करतात. आणि आणखी एक, गेल्या काही वर्षांत उन्हाळे तापायला लागलेत, २०१८, २०१९, २०२०, २०२२, सगळी गरम आणि कोरडी सालं, अशा सालात वरच्या पातळ मातीतल्या वेलींना पाण्याचा ताण बसतो आणि खालची चिकणमाती पाणी धरून ठेवते तिचा फायदा होतो. माझं स्वतःचं मत असं झालंय की पुढच्या काळात त्या बदनाम खालच्या भागातून चांगल्या वाइन जास्त येतील. जुने लोक अजून मानत नाहीत.

दुसरं कारण माणूस, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं आहे. पिनो न्वार ही फार नाजूक जात, दाण्याची साल पातळ, घड गच्च, पाऊस आला की कुजायला वेळ लागत नाही, डाऊनी आणि भुरी या दोन्ही बुरशीच्या रोगांचा त्रास. वसंतात कोंब फुटले की रात्रीचं दव गोठायची भीती, २०१६ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये कोत दॉरमध्ये थंडीने कितीतरी मळ्यांचं पीक गेलं, लोक रात्रभर मळ्यात मेणाचे मोठे दिवे पेटवून बसलेले असतात. हेक्टरला साधारण दहा हजार वेली, इतक्या दाट की नेहमीचा ट्रॅक्टर आत जात नाही, वेलींच्या वरून दोन्ही बाजूंना पाय टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर लागतो, काही घरं तर पुन्हा घोड्याने नांगरतात कारण यंत्राच्या वजनाने माती दबते. कायद्याने ग्राँ क्रूला हेक्टरी साधारण ३५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे. हिशोब करून बघा, साडेतीन हजार लिटर भागिले दहा हजार वेली, म्हणजे एका वेलीमागे अर्धी बाटलीसुद्धा नाही. नाशिककडच्या बागायतदाराला हा आकडा सांगितला की तो आधी विश्वासच ठेवत नाही.

आणि ही मर्यादा झाली वरची. लेरवासारखं दोमेन (स्वतःच्या मळ्याची वाइन करणारं घर), म्हणजे लालू बीझ-लेरवा यांचं, त्याच्याही खूप खाली राहतं, रसायनं टाळणारी बायोडायनॅमिक शेती, वेलींचे शेंडे न छाटता वळवून घेणं, एकेक दाणा निवडणं, आणि मग बाटल्या मोजक्याच निघतात आणि जगभरातले श्रीमंत त्यावर तुटून पडतात. काका, तुम्ही जो काही हजारांचा भाव बघितला तो बहुधा त्यांचाच असणार. त्या भावात चव किती आणि दुर्मिळपणा किती, तर माझ्या मते चवीचा वाटा आहेच, खरोखर असामान्य वाइन आहे, पण वरची बरीचशी रक्कम ही फक्त माल कमी आणि घेणारे जास्त याची आहे. दुसरीकडे कुणी कायद्याच्या मर्यादेला चिकटून पूर्ण पीक घेतो, लवकर तोडतो, नव्या ओकच्या वासाखाली पातळपणा झाकतो, आणि त्याच्याही लेबलवर ग्राँ क्रू.

तळघरात पण फरक पडतो. देठासकट घड आंबवायचे की दाणे सुटे करून, यावर बर्गंडीत घराघरांत वाद आहेत. देठांनी एक मसालेदार, फुलासारखा वास येतो आणि वाइन तरुण असताना थोडी राकट लागते, शातो द ला तूर देठासकट करतात. सुटे दाणे करणाऱ्यांचा आदर्श व्होन-रोमानेचे आंरी झायेर, ते २००६ ला गेले, पण त्यांची पद्धत अजून पाळली जाते, सगळे देठ काढायचे, आंबण सुरू व्हायच्या आधी काही दिवस रस आणि साली थंड ठेवून भिजवायच्या, मग फळ एकदम स्वच्छ लागतं. नंतर २२८ लिटरच्या ओक बॅरलमध्ये साधारण दीड वर्ष. बॅरल किती नवीन घ्यायची हा ज्याचा त्याचा हिशोब, मला स्वतःला सगळी नवी बॅरल नको वाटतात, पिनोचा आवाज बारीक असतो, त्यावर लाकूड चढून बसतं.

आता तुमची बाटली, नेगोसियाँची. बर्गंडीत दोन तऱ्हा आहेत. एक दोमेन, म्हणजे स्वतःचा मळा, स्वतःची वाइन. दुसरी नेगोसियाँ, जे दुसऱ्यांकडून द्राक्षं, रस किंवा तयार वाइन घेऊन आपल्या नावाने भरतात. पूर्वी जवळजवळ सगळी बर्गंडी नेगोसियाँच्याच हातात होती, १९२०-३० च्या दशकांत जव्रेचे आर्माँ रूसो यांच्यासारख्या काही शेतकऱ्यांनी स्वतः बाटल्या भरायला सुरुवात केली तिथून चित्र बदललं. पण नेगोसियाँ म्हणजे हलकं असं बिलकुल नाही, लुई झादो, झोझेफ द्रुएँ, फेव्हले यांचे क्लो द वूजोमध्ये स्वतःच्या मालकीचे तुकडे आहेत आणि ते गंभीरपणे वाइन करतात. तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं नाही म्हणून असं करा, लेबलच्या खालची बारीक ओळ वाचा. "मी आँ बुतेय ओ दोमेन" (Mis en bouteille au domaine) असं असेल तर स्वतःच्या मळ्याची. "मी आँ बुतेय पार" (Mis en bouteille par) आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो. "ग्राँ व्हँ द बोर्गोन्य" असं मोठ्या सोनेरी अक्षरात लिहिलेलं असेल त्याने दर्जाचं काहीच ठरत नाही, त्याकडे दुर्लक्ष करा. दीडशे युरोचा क्लो द वूजो हा त्या नावाच्या भावांमध्ये खालच्या टोकाचा आहे, बहुधा जागा मधली-खालची आणि माल जास्त प्रमाणात भरलेला. चांगली वाइन असेल, फक्त लेरवाची अपेक्षा ठेवून उघडू नका.

या मळ्याची उलटी बाजू बघायची तर जव्रेला जा. तिथे क्लो सँ-झाक नावाचा भिंतीतला मळा आहे, पावणेसात हेक्टरांच्या जवळपास, पाचच मालक, रूसो, फूरिए, एस्मोनँ, ब्रुनो क्लेर आणि झादो, आणि पाचही जणांच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत उभ्या आहेत. म्हणजे प्रत्येकाकडे वरची, मधली, खालची सगळी माती. दर्जाने तो फक्त प्रमिए क्रू, एक पायरी खाली, पण रूसो स्वतः त्यांचा क्लो सँ-झाक त्यांच्या काही ग्राँ क्रूंपेक्षा जास्त भावाला विकतात. मला बर्गंडीत सगळ्यात आवडणारी जमीन कुठली असं विचारलं तर मी हीच सांगेन. कागदावरचा दर्जा आणि ग्लासातली वाइन यांचं नातं इथे आणि वूजोला बरोबर उलटं पडलंय.

डुप्लिकेटबद्दल. बर्गंडीत बनावट बाटल्या आहेत, प्रकरणंही मोठी झालीत. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात दोमेन पोंसोच्या, क्लो सँ-दनी या दुसऱ्या एका ग्राँ क्रूच्या जुन्या बाटल्या आल्या, १९४५ पासूनच्या. स्वतः लोराँ पोंसो तिथे जाऊन उभे राहिले, कारण त्यांच्या घराने क्लो सँ-दनी करायला सुरुवातच १९८० च्या दशकात केली होती. त्या बाटल्या देणारा रूडी कुर्नियावान पुढे पकडला गेला आणि २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण बनावट करणारा कुणाची बनवतो, तर जिथे एका बाटलीत हजारो सुटतात तिथे. लियाँच्या दुकानातली दीडशे युरोची, अलीकडच्या सालची बाटली बनवण्यात त्याला काही मिळत नाही. म्हणून निर्धास्त राहा.

साल २०१७ कसं, तर बरं. २०१६ च्या दवात पीक गेल्यावर आलेलं भरपूर पिकाचं साल, सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडणी, वाइन मऊ, लवकर तयार होणाऱ्या. २००५ किंवा २०१० सारखी वर्षानुवर्षं तोंड बंद करून बसणारी नाही. वूजोची वाइन मुळात शेजारच्या शांबोलपेक्षा जरा घट्ट आणि मातकट, तिला वेळ लागतो, पण २०१७ ची आत्ता प्यायला हरकत नाही.

तिकडच्या तळघरात, बारा-तेरा डिग्रीत असती तर मी म्हटलं असतं अजून पाच-सात वर्षं विसरून जा. पुण्यात नाही. एप्रिल-मेमध्ये घरात पस्तीस डिग्री जाते, लाकडी कपाटात तर वाइन शिजते, बूच फुगून वर येतं आणि बाजूने ओघळ दिसतो, दोन उन्हाळे गेले की आतलं फळ मेलेलंच. शोकेसमध्ये उभी करून तर अजिबात ठेवू नका, दिवाणखान्यातल्या लाइटखाली उभी ठेवलेली महागडी बाटली बघितली की मला खरंच वाईट वाटतं. वाइन फ्रिज असेल तर आडवी ठेवा. नसेल तर साध्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या, कमी थंड कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी, काही महिने चालतं. आणि या थंडीत उघडा.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल. प्यायच्या वेळी पंधरा-सोळा डिग्री हवी. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक आहे, पुण्यात रूम टेंपरेचर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस, त्यात अल्कोहोलच नाकात जातं. फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, तेवढं पुरे. ग्लास मोठ्या पोटाचा, तोंडाला निमुळता, आणि एक तृतीयांशच भरा, कारण पिनोमधला निम्मा आनंद वासाचा आहे. जगमध्ये ओतून तासभर ठेवायची गरज नाही, उघडा, थोडी ग्लासात घ्या, आणि दीड-दोन तासांत सावकाश संपवा. पहिल्या दहा मिनिटांत बंद वाटली तरी मत बनवू नका. सुरुवातीला चेरी, रासबेरी, मग हळूहळू ओली माती, वाळलेली पानं, अळंबी असे वास यायला लागतात, तो बदल बघण्यातच मजा आहे. चार ते सहा जण बसा, त्याहून जास्त नको.

सोबत काय. तिखट नको, हे मी ठामपणे सांगतो. लाल मिरचीने अल्कोहोल जळजळतं आणि पिनोची सगळी नक्षी पुसली जाते, तांबडा रस्सा माझाही आवडता आहे पण या बाटलीसोबत नको. आपल्याकडे अळणी मटण करतात ना, आलं-लसूण, मीठ, थोडं तूप आणि मंद आचेवर शिजवलेलं, ते फार सुंदर जमतं, वरून हवं तर काळी मिरी. बदक मिळालं तर उत्तम, साधं रोस्ट चिकन चालेल. शाकाहारी लोकांसाठी बटरमध्ये परतलेली मशरूम, तीही नीट तपकिरी होईपर्यंत. बर्गंडीत लाल वाइनच्या सॉसमध्ये शिजवलेली अंडी खातात, तेही घरी जमेल. चीज आणणार असाल तर मऊ आणि सौम्य आणा, निळ्या बुरशीचं नको.

आणि लेक परत येणार असेल तर तिला सांगा, तेवढ्याच पैशात वेगळं काही आण. दीडशे युरोत ग्राँ क्रूचं सगळ्यात खालचं टोक मिळतं, पण त्याच पैशात एखाद्या चांगल्या दोमेनचा जव्रेचा किंवा न्वी-सँ-जॉर्जचा प्रमिए क्रू मिळतो, आणि मी स्वतः पैसे देताना कायम तोच घेईन. त्याहून कमी बजेट असेल तर मार्साने, फिक्सँ, साव्हिन्यी-ले-बोन, ही नावं बघा, इथे अजून जमिनीचे भाव वेडे झालेले नाहीत आणि तरुण शेतकरी जीव तोडून काम करतायत. दुकानदाराला गाव विचारायच्या आधी दोमेनचं नाव विचारायचं, मळ्यात जातो कोण, पीक किती घेतो, विकत घेतो की स्वतःचं आहे. चांगला दुकानदार लगेच खुलतो, तिकडे या विषयावर बोलायला सगळ्यांना आवडतं.

लियाँहून वूजो फार लांब नाही, सकाळी निघून दिवसभरात होतं. वाडा बघायला तिकीट आहे, दाबयंत्रं चुकवू नका. मग खालच्या रस्त्यापासून वर म्युसिन्यीच्या कडेपर्यंत भिंतीलगत चालत जा. पावसानंतरचा दिवस असेल तर आणखी चांगलं, खाली बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि वर पोचेपर्यंत पायाखाली नुसते खडे वाजतात.